गावचे पुरस्कार: ३१ नावांच्या यादीचं काय करायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव सहा हजार वस्तीचं, मंडळाला पुढच्या वर्षी ५० वर्षं होतायत, त्यानिमित्त कला, समाजसेवा आणि क्रीडा या क्षेत्रांतल्या गावकऱ्यांना 'ग्रामभूषण' द्यायचं ठरलंय. हाताशी ७५ हजार रुपये आहेत. पहिल्याच बैठकीत यादी ३१ नावांवर गेली, त्यात बायका दोन. 'भांडण न होता कुणाला गाळू, आणि मोमेंटो चांगले नि स्वस्त कुठे मिळतील?' असं तुम्ही विचारलंय.

मोमेंटोचं नंतर बघू. मी सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचा कार्यवाह होतो आणि बावीस वर्षं तिथल्या वार्षिक पुरस्कारांचं काम बघितलं. त्यातली पहिली चार वर्षं आम्ही नेमकं तेच केलं जे तुम्ही आता करायला निघालायत. म्हणून जरा हक्कानं बोलतो.

पहिल्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही १९ सत्कार उरकले. 'उरकले' हाच शब्द खरा. पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांना एसटी स्टँडपासून वाजतगाजत आणायचं म्हणून एका हलगीवाल्याला सांगितलं होतं. त्याच माणसाचं नाव कला विभागात होतं, पण ते त्याला कळवायचं राहून गेलं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं कळवलं असेल. नाव पुकारलं तेव्हा तो मांडवाच्या मागं चिपाडं पेटवून, कातडं ताणावं म्हणून हलगी शेकत बसला होता, कारण पाहुण्यांना निरोप देताना पुन्हा वाजवायचं होतं. निवेदकानं दोनदा पुकारलं, मग 'काही कारणास्तव ते उपस्थित राहू शकले नाहीत' म्हणून पुढचं नाव घेतलं. माणूस चाळीस फुटांवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचनालयात आला, रजिस्टरवर सही केली आणि शाल-नारळ घेऊन गेला. पोस्टातून पार्सल नेतात तसं.

हे सांगतोय कारण तुमची अडचण 'कुणाला गाळू' ही नाहीच. ३१ नावांची ती यादी गावाची नाही, बैठकीला जे पंधरा-वीस जण आले त्यांच्या ओळखीपाळखीची आहे. प्रत्येकानं आपलं एक नाव घातलं आणि दुसऱ्याच्या नावाला हरकत घेतली नाही, म्हणजे ती एक प्रकारची देवाणघेवाण झाली. अशी यादी कापायला घेतली की भांडण होणारच, कारण तुम्ही नाव कापत नाही, सुचवणाऱ्याचा शब्द कापता. आणि ज्याला खरंच द्यायला हवं तो बहुतेक त्या यादीत नसतोच. त्याचा मंडळात कुणी माणूस नसतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पैसे मंडळाच्या वर्गणीचे असतील तर पावत्या, ठराव आणि हिशोब एवढं चोख ठेवा, पुरे. ग्रामपंचायतीचा पैसा घेणार असाल तर तो कोणत्या शीर्षाखाली खर्ची पडेल हे भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, आधी विचारा. कार्यक्रम झाल्यावर विचाराल तर उत्तर तुम्हाला आवडणार नाही. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहिता कधी लागेल याचा अंदाज घ्या, नाहीतर पत्रिका छापून तयार आणि व्यासपीठावर कुणाला बसवायचं हाच घोळ. गावात दोन गट असतील (कुठे नसतात?) तर निवड समितीत दोन्हीकडचा एकेक घेऊन काही साधत नाही, दोघं आपापला माणूस काढतात आणि पुरस्कार दोनाचे चार होतात. आम्हाला उपयोग झाला तो बाहेरच्या माणसांचा. पाच जणांची समिती, त्यातले दोन शेजारच्या गावचे: एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक तालमीचे वस्ताद. गावची भावकी त्यांना माहीत होती, पण ते त्या भावकीतले नव्हते.

आता यादीचं. ती फाडू नका. आधी शब्द वेगळे करा, निम्मं काम तिथंच होतं. दहावी-बारावीला चांगले मार्क पडले, पोलीस भरतीत निवड झाली, त्यांचा गुणगौरव करतात. कुणाला बढती मिळाली, कुणी जागा दिली, कुणी मंदिराला पायऱ्या बांधून दिल्या, त्याचा सत्कार. वर्षानुवर्षं एखादं काम केलं आणि ते काम पारखून, इतरांत निवडून ज्याला देतो तो पुरस्कार. वय झालेल्याला एकूण कामासाठी देतो तो जीवनगौरव. हे चार एकाच मांडवात, एकाच शालीत आणि एकाच नावाखाली घातले की पंचवीस वर्षं भजन शिकवणारे बुवा आणि काल भरती झालेला पोरगा एका रांगेत उभे राहतात. दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. माझा अंदाज आहे की तुमच्या ३१ पैकी निम्मे तरी गुणगौरव आणि सत्कारातले निघतील. त्यांचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी, आरतीनंतर, वीस मिनिटांत करा. मंडळाच्या संस्थापकांचा मानही त्यातच. ५० वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली वर्गणी मागितली त्यांना मान द्याच, पण तो घरचा मान आहे. त्याला 'ग्रामभूषण' म्हणू नका.

उरलेल्या नावांसाठी आम्ही चिठ्ठी लावली. ज्यानं नाव सुचवलं त्यानंच एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या: हा माणूस नेमकं काय करतो, कधीपासून करतो, आणि उद्या त्यानं ते थांबवलं तर गावात कुणाचं अडेल. बस्स. 'थोर समाजसेवक, सर्वांच्या सुखदुःखात सहभागी' असं लिहिलं की चिठ्ठी परत. तुम्हाला गंमत वाटेल, पण तिसरी ओळ कुणालाही सहजी लिहिता येत नाही. आमच्याकडे एकदा १४ चिठ्ठ्या गेल्या आणि सहाच भरून आल्या. बाकीच्यांनी आपणहून सांगितलं की 'राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.' नाव आम्ही गाळलं नाही, ते गळालं. यात भांडायला कुणी समोर उरत नाही.

आणि या नावांच्या शेजारी जी नावं ठेवायची ती शोधायला बाहेर पडा. 'पुरस्कार कुणाला द्यावा?' असं विचारू नका. लोक सरपंचाचं किंवा देणगीदाराचं नाव सांगतात. वेगळं विचारा. रात्री दोन वाजता अडचण आली तर घरच्यांशिवाय कुणाचं दार वाजवता? मैदानावरचं गवत कोण काढतं? जागरण-गोंधळ, काकडा, हरिपाठ, यातलं कोण आलं नाही तर कार्यक्रम होत नाही? हे प्रश्न पोस्टमनला, आशाताईंना, पिठाच्या गिरणीवाल्याला, मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला आणि बचत गटाच्या बैठकीत विचारा. बचत गटात तर नक्कीच. आमच्या यादीत बायका वाढल्या त्या तिथून.

सगळ्यात अवघड विभाग समाजसेवेचा. फ्लेक्सवर ज्याच्या नावामागं 'समाजसेवक' लागतं त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्याला तुमच्या पुरस्काराची गरज नाही. वायरमन, आशाताई, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यांना पगार किंवा मानधन मिळतं, मग ती सेवा धरायची का, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद व्हायचा. मी एवढंच बघायचो की पगार जिथं संपतो तिथून पुढं या माणसानं काय केलं.

असंच विचारताना एका बाईंचं नाव आलं. गावात कुठल्याही घरी बाई वारली की शेवटची अंघोळ घालायला, लुगडं नेसवायला त्यांना बोलावणं जायचं. तीस वर्षं. जात बघितली नाही, वेळ बघितली नाही, पैसा घेतला नाही. आम्ही विचारायला गेलो तेव्हा त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. म्हणाल्या, "मला नका बोलवू. चांगल्या कार्यात माझं नाव निघालं की लोकांच्या पोटात गोळा येतो." हे खरंच होतं. आमच्यातल्याच एकानं परत येताना तेच सांगितलं, 'मंगल प्रसंग आहे, कसं दिसेल?' समितीतल्या मुख्याध्यापिका त्यांच्याकडे पुन्हा दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा त्या हो म्हणाल्या. आम्ही त्यांचं नाव त्या संध्याकाळी पहिलं घेतलं. मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांच्या आईला किंवा आजीला त्यांनी अंघोळ घातली होती. कुणाच्या पोटात गोळा आला असला तर मला दिसला नाही, डोळे पुसताना मात्र बरेच दिसले.

त्यातच एक अडचण आली, तुमच्याकडेही येईल. बाईंचा सत्कार म्हटलं की आपल्याकडे ओटी, हळदीकुंकू, साडी-चोळी. या बाई विधवा होत्या. एकीची ओटी भरायची आणि दुसरीला नुसता नारळ हातात द्यायचा, हे व्यासपीठावर फार वाईट दिसतं आणि जिला दिसायचं तिला बरोबर दिसतं. आम्ही त्या वर्षापासून ओटी बंद केली. बाईमाणूस असो, पुरुष असो, सगळ्यांना सारखं. पुढं मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली.

क्रीडा विभाग सोपा वाटतो, कारण पदकं मोजता येतात. तिथंच फसायला होतं. हल्ली कुठलाही संघ 'राष्ट्रीय' असतो आणि शेजारच्या देशात प्रवेश फी भरून जाऊन आणलेलं सुवर्णपदक 'आंतरराष्ट्रीय' असतं. पोरांचा दोष नाही, त्यांना नेणाऱ्यांचा असतो. प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेचं नाव आहे ते बघा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, ती संघटना मान्यताप्राप्त आहे का. दहा मिनिटांचं काम आहे. नाहीतर व्यासपीठावर खोटं पदक मोठं होतं आणि जिल्हा शालेय स्पर्धेत घाम गाळून चौथी आलेली पोरगी खाली बसून टाळ्या वाजवते.

आणि त्या पोरीला शाल देऊ नका. सोळा वर्षांच्या मुलीनं शालीचं काय करायचं? बूट द्या, पुढच्या स्पर्धेचं एसटीचं भाडं द्या. 'भूषण' वगैरे तिच्या नावापुढं लावायची घाई नको. एवढ्या वयात ते ओझं होतं.

आमच्या भागात क्रीडा म्हटलं की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव निघतातच. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले असं सांगतात. १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, पद्म मिळालंच नाही. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गावानं लगेच केलं आणि सरकारनं सावकाश, ही तक्रार आपण सगळेच करतो. मला त्या गोष्टीत दुसराच माणूस दिसतो. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. आता सांगा, तुमच्या तीन विभागांत खर्डेकरांना कुठं बसवाल? क्रीडेत की सेवेत? आम्ही या प्रश्नावर एक अख्खी बैठक घालवली आणि शेवटी नियम केला की क्रीडा पुरस्कार एक वर्ष खेळाडूला, एक वर्ष खेळाडूच्या पाठीमागच्या माणसाला. तालमीतला मातीचा हौदा खणणारा, कबड्डीचं मैदान सारवून देणारी, पोरांना पहाटे उठवून पळवणारा माजी सैनिक. या एका नियमानं आम्हाला फार चांगली माणसं दिली.

प्रशिक्षक निवडताना मात्र त्याच्याकडे शिकलेल्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोला, आणि ते बोलणं समितीतल्या बाईनं करावं. आम्ही एकदा हे केलं नाही. पुरस्कार दिल्यावर चार महिन्यांनी जे कानावर आलं त्यानंतर त्या वर्षाचा फोटो भिंतीवरून काढावा लागला.

कलेच्या बाबतीत दोन गोष्टी. पहिली पैशाची. विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तमाशाच्या बोर्डावर त्यांनी काय उभं केलं हे सांगायला नको. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, आणि २००२ ला गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना पैसे जमवावे लागले. त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार २००६ पासून दिला जातो. म्हणून म्हातारा कलावंत असेल तर ट्रॉफीवर खर्च करू नका, रोख द्या. आणि वृद्ध कलावंत मानधन मिळतंय का ते विचारा. मिळत नसेल तर अर्ज तुम्ही भरून द्या. त्या अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे लागतात, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या मांडवात वाजवलेल्या माणसाकडे कागद म्हणून काहीच नसतं. तुमचं मानपत्र हा त्याचा पहिला कागद होऊ शकतो. आमच्याकडे दोघांचं असं झालं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. हलगी, सनई, डफ ही आपल्या गावांत कुणाची 'कला' होती आणि कुणावर लादलेलं काम होतं, हे विसरून चालत नाही. आमच्या त्या हलगीवाल्याकडे आम्ही चार वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी रीतसर. म्हातारा खुश होता. त्याचा मुलगा, तालुक्याला शिक्षक आहे, तो मात्र दारातच म्हणाला, "बापानं वाजवली ती नाइलाजानं. आम्ही ती टाकली. आता पुरस्कार देऊन पुन्हा आमच्याच गळ्यात बांधताय का?" याला उत्तर नव्हतं. आम्ही फक्त मानपत्राचा कच्चा मसुदा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच दुरुस्त करा. त्यानं आठ दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा 'परंपरेने चालत आलेली सेवा' ही ओळ खोडली होती आणि वर लिहिलं होतं: 'वादक. सात ताल जाणतो. आजवर ज्यांना शिकवलं त्यात सर्व जातींची मुलं आहेत.' आम्ही तसंच छापलं.

तेव्हापासून मसुदा आधी त्या माणसाला किंवा घरच्यांना दाखवायचा हा नियमच झाला. कुणी साल दुरुस्त करतं, कुणी म्हणतं नवऱ्याच्या दारूचं वाक्य काढा. काढायचं. गावासमोर त्यांची गोष्ट सांगायची तर ती किती सांगायची हे त्यांनी ठरवावं.

मानपत्राबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरा पुरस्कार तोच असतो असं माझं मत आहे. 'आपण समाजाचे दीपस्तंभ आहात, आपल्या कार्याचा सुगंध दरवळत आहे' हे फ्रेमच्या दुकानात तयार मिळतं, फक्त नाव बदलतात. त्यापेक्षा असं लिहा: 'आपण १९९१ पासून दर गुरुवारी शाळेच्या पडवीत मुलांना पखवाज शिकवता. फी घेत नाही. पखवाजाची शाई स्वतःच्या पैशानं भरून आणता.' दीडशे शब्द पुष्कळ. वाचायला निवेदकाला देऊ नका, सत्कारमूर्तीकडे शिकलेल्या कुणाला तरी द्या. पुढंमागं पद्म पुरस्कारासाठी कुणाचं नाव पाठवावंसं वाटलं, तर तो अर्ज कुणीही सामान्य नागरिक ऑनलाइन भरू शकतो, आणि त्यात कामाचं ८०० शब्दांपर्यंतचं टिपण लागतं. अतिशयोक्ती वाटते का? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे घरच्या गोठ्यात चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय करून बसले होते, त्यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली. असं काम तुमच्याही पंचक्रोशीत असेल, ते कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं हवं.

देणगीदारांचं. तुमच्या ३१ मध्ये एखाद्याचे वडील असणार, 'त्यांच्या नावानं द्या, मी पंचवीस हजार देतो' असं म्हणणारा. नाही म्हणू नका. पुरस्काराला त्यांच्या वडिलांचं नाव द्या, रक्कम मुदत ठेवीत टाका, व्याजातून दरवर्षी थोडं निघेल. निवडीत मात्र त्यांचा शब्द नाही. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा मोहोळ कुटुंबाकडून मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते, पण ती कुणाच्या खांद्यावर जायची ते मातीत आणि मॅटवर ठरतं. हे उदाहरण दिलं की आमच्या भागात तरी लोकांना लगेच पटतं. दिवंगतांना पुरस्कार देऊ नका, त्यांचं नाव पुरस्काराला द्या. आणि समितीतला कुणी, त्याच्या घरचं, भावकीतलं कुणी पात्र नाही, हे पहिल्या बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नावं यायच्या आधी. नावं आल्यावर केलेला प्रत्येक नियम कुणाच्या तरी विरोधातला वाटतो.

किती पुरस्कार? तीन. फार तर चार. ७५ हजारांत तिघांना प्रत्येकी दहा हजारांचा चेक द्या, मांडव-माईक-चहापाण्याला वीस-बावीस हजार धरा, मानपत्रं आणि एक छोटी स्मरणिका, आणि उरतील ते पुढच्या वर्षासाठी बँकेत. चेक लिहायच्या आधी पासबुकावरचं नाव बघा. आमचा एक चेक परत आला, कारण सगळं गाव ज्यांना ज्या नावानं ओळखतं ते त्यांचं नावच नव्हतं. आम्हीही तीस वर्षं त्यांना तसंच हाक मारत होतो. मोमेंटोचं विचारलं होतंत: घेऊच नका. ॲक्रिलिकचा तो तुकडा टीव्हीवर धूळ खातो. आमच्याकडे घोंगडी देतात, ती अंगावर पडते. आणि छापखानेवाला मानपत्रावर वर मधोमध चार सिंहांची राजमुद्रा टाकून देईल, शोभेसाठी. काढायला लावा. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे.

कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची ठेवा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हानं १४ जीव गेले. तुमचा मांडव लहान असेल, पण पुढच्या रांगेत सत्तरीची माणसं दोन तास बसणार आहेत. पाणी, पंखा, आणि जवळ स्वच्छतागृह, एवढं बघाच. गणपतीत पाऊस असतो आणि बरेच दिवस दहाला माईक बंद करावा लागतो, तेव्हा जमत असेल तर यात्रेच्या दिवसांत घ्या. पुण्या-मुंबईची माणसं तेव्हा गावात असतात, कुस्त्यांचा फड मात्र ज्या दिवशी असेल तो दिवस टाळा, नाहीतर मांडवात तुम्ही आणि मंडपवालाच. पाहुणा एकच, आणि तो आला नाही तरी वेळेवर सुरू. सत्कारमूर्ती व्यासपीठावर मधे, पाहुणे कडेला. त्यांच्या घरच्यांना पहिली रांग.

क्रम असा ठेवा: या महिन्यात समिती आणि नियम, पुढचे दोन महिने चिठ्ठ्या आणि फिरणं, मग निवड, मग घरी जाऊन विचारणं, मग मसुदा दाखवणं, आणि सगळ्यात शेवटी पत्रिका. तुम्ही पत्रिकेपासून सुरुवात केली असेल अशी मला भीती आहे.

आमच्या हलगीवाल्याला पाचव्या वर्षी पुरस्कार दिला. या वेळी तो पुढच्या रांगेत, मुलगा-सून-नातवंडांसह, पांढरा फेटा बांधून बसला होता. दारात वाजवायला शेजारच्या गावचा एक तरुण पोरगा बोलावला होता. सरस्वतीपूजन चाललेलं असताना म्हातारा उठला, सगळ्यांसमोरून दारापर्यंत गेला. मला वाटलं तब्येत बिघडली, मी मागोमाग गेलो. तो त्या पोराला सांगत होता, "अरे, बसलीय ती. जरा शेक आधी."